वऱ्हाडचा कडबा

उत्तर युरोपांत राय नांवाचें एक धान्य पिकतें. थंडी सोसणारें आणि हलक्या जमिनींतहि तग धरणारें असें हें पीक आहे. त्याच्या पिठाची काळसर भाकरी तिकडच्या गरिबांनीं शतकानुशतकें खाल्ली. आणि त्याच्या लांब, चिवट काडानें त्यांचीं घरें शाकारलीं, गोठे अंथरले, टोप्या नि टोपल्या विणल्या. राय आपल्याकडे रुळली नाहीं. परंतु दाण्याइतकाच काडाचाहि मान राखणारें पीक आपल्या वऱ्हाडांत होतें, तें म्हणजे ज्वारी. तिच्या दाण्याविषयीं पुष्कळ बोललें जातें; आज तिच्या धाटाची कथा सांगावयाची आहे.

अमरावती जिल्ह्यांतील नांदगांव खंडेश्वर हा काळ्या जमिनीचा व बहुतांशीं पावसावर विसंबलेला मुलूख. खंडेश्वराचें हेमाडपंती देऊळ ही त्याची जुनी खूण. या मुलखांत खरिपाची ज्वारी पूर्वीं आठ-दहा फूट वाढे. पिकांत शिरलेला माणूस बांधावरून दिसत नसे. कणसें खुडून खळ्यावर गेलीं कीं धाटांच्या पेंढ्या बांधून त्यांची गंजी रचली जाई. हाच कडबा. उन्हाळ्यांत रानांत गवताची काडी उरत नसे, तेव्हां बैल या गंजीवरच जगत. गरिबांच्या घरीं धाटांचे कूड उभे करून ते शेणमातीनें लिंपीत. मोडकीं धाटें चुलींत जात, आणि चुलींतली राख भांडीं घासण्यास कामीं येई. बैलानें खाल्लेला कडबा शेणखत होऊन पुन्हां त्याच शेतांत परतत असे. या हिशेबांत वायां जाण्यासारखें फारसें उरतच नव्हतें. कोणाच्या घरीं गंजी केवढी, यावरून त्याची ऐपत ओळखावी, अशी ती गोष्ट होती.

१८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसास अपूर्व भाव आला. १८६७ सालीं बडनेऱ्यावरून जाणारा लोहमार्ग नागपुरास पोहोंचला. शेतकऱ्याच्या हातीं रोकड खेळूं लागली, ही गोष्ट नाकारण्याचें कारण नाहीं. ज्वारी कांहीं शेतांतून नाहींशी झाली नाहीं. परंतु कोणतें पीक किती पेरावें याचा निर्णय आतां गोठ्याकडे पाहून होईना, तो बाजाराकडे पाहून होऊं लागला. कापसाची वेचणी संपली कीं मागें पऱ्हाटी उरते. पऱ्हाटीनें चूल पेटते, पण बैलाचें पोट भरत नाहीं.

याची कठोर परीक्षा १८९९ सालीं झाली. पाऊस फिरला, दाणाहि गेला आणि धाटहि गेलें. धान्य आगगाडीनें दूरवरून आणतां येतें. परंतु कडबा वजनानें हलका आणि आकारानें अवाढव्य. डबा भरून आणावा तर त्यांत मूठभर जनावरांचाहि निर्वाह होत नाहीं. म्हणून १९०० च्या उन्हाळ्यांत वऱ्हाडांत माणसांबरोबर गुरेंहि फार मेलीं. ज्याचा बैल गेला त्याला पुढचा पाऊस चांगला होऊनहि नांगर धरतां येईना. गंजी म्हणजे पुढल्या वर्षाच्या पेरणीची ठेव होती, हें त्या दुष्काळानें शिकविलें.

हा धडा विसरण्यास फार काळ लागला नाहीं. १९६४ सालीं सी. एस. एच. १ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण भारतांत प्रसृत झाला. अन्नटंचाईच्या त्या दिवसांत दाण्याचें उत्पन्न वाढविणें अवश्यच होतें, आणि तें वाढलेंहि. परंतु हा वाण बुटका. त्याचा कडबा थोडा. शिवाय तो लवकर पिके, त्यामुळें परतीच्या पावसांत कणसें सांपडून दाणे काळे पडत. पुढें सोयाबीन आलें आणि खरिपाची ज्वारी झपाट्यानें मागें हटली. सोयाबीनचें कुटार जनावरें खातात, पण तें कडब्याच्या गंजीची जागा घेऊं शकत नाहीं. आणि शेतांत उरलेला काडीकचरा पुष्कळदां पेटवूनहि दिला जातो. जें शेताला परत जावयाचें तें धूर होऊन आकाशांत जातें.

देशाचे कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख हे याच नांदगांव तालुक्यांतील पापळचे. त्यांच्या नांवाचें कृषि विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यास आहे. धाटाचा उपयोग आज जुन्या वाटांपुरताच राहिलेला नाहीं. त्याचे तुकडे करून जमिनीवर पसरल्यास ओल टिकते; कुजविल्यास खत होतें; भिजवून निर्जंतुक केल्यास त्यावर धिंगरी अळिंबी वाढते, आणि अळिंबी काढल्यावर उरलेला भागहि खतांत जातो. गवती छपरांना आग लागे, तीं वरचेवर बदलावीं लागत, म्हणून लोकांनीं पत्रा पसंत केला, तें योग्यच झालें. जुनें सर्वच परत आणावें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु पिकाची किंमत केवळ दाण्याच्या भावावर ठरवूं नये, मागें काय उरतें तेंहि मोजावें, एवढें तरी या इतिहासावरून निश्चित ठरतें.

संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून पाळलें, आणि शहरांतल्या ताटांत ज्वारीची भाकरी पुन्हां मानानें येऊं लागली. ती पथ्याची म्हणून खाल्ली तरी हरकत नाहीं. मात्र त्या भाकरीच्या प्रत्येक मागणीबरोबर एखाद्या शेतांत धाट उभें राहतें, आणि धाटाबरोबर एखाद्या गोठ्याचा उन्हाळा निभतो.