उकिरड्यापासून घनकचरा व्यवस्थापनापर्यंत : ग्रामीण महाराष्ट्रातील कचरा, खत आणि श्रम यांचा इतिहास

प्रस्तावना

ग्रामीण स्वच्छतेचा विचार करताना सामान्यतः 'कचऱ्याचे काय करावे' हा एकच प्रश्न विचारला जातो. वस्तुतः या प्रश्नाबरोबर 'तो कचरा कोणी उचलावा' हा दुसरा प्रश्नही नेहमीच उभा राहिलेला आहे. पहिला प्रश्न तंत्राचा आहे, तर दुसरा समाजरचनेचा. ग्रामीण महाराष्ट्राच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहिल्यास असे दिसून येते की, पहिल्या प्रश्नाची उत्तरे तुलनेने लवकर सापडली. दुसऱ्या प्रश्नाला मात्र प्रत्येक पिढीने बगल दिली, आणि ज्यांनी बगल दिली नाही त्यांचे कार्य अपवाद म्हणूनच उरले. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांच्या परस्परसंबंधाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

पारंपरिक गावगाड्यातील व्यवस्था

पारंपरिक खेड्यात आजच्या अर्थाने 'कचरा' फारसा नव्हता. शेण, गोठ्यातील केरकाडी, चुलीतील राख, जनावरांनी टाकलेले वैरणीचे बुडखे हे सर्व घरामागील उकिरड्यावर जाई आणि पावसाळ्यापूर्वी गाडीने शेतात पडे. धनगरांचे कळप शेतात बसवून जमिनीला लेंडीखत मिळविण्याची प्रथा होती. झिजलेला फाळ लोहाराकडे, फुटके भांडे मोडीत, जुने लुगडे गोधडीत अशी प्रत्येक वस्तूची पुढची वाट ठरलेली असे. पुनर्वापर हा शब्द नसला तरी तो व्यवहार होता.

तथापि, या व्यवस्थेचे गौरवीकरण करताना दोन गोष्टी दुर्लक्षून चालणार नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे तिच्यातील गळती. डॉ. जे. ए. व्होएल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात, सरपणाच्या अभावी शेणाच्या गोवऱ्या जाळल्या जातात व त्यामुळे जमीन खताला मुकते, याकडे लक्ष वेधले होते. सरपणासाठी वनराई वाढवावी असा उपायही त्यांनी सुचविला होता. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. उकिरडा प्रत्येकाचा स्वतःचा होता. परंतु गावाच्या सामायिक जागेतील घाण काढणे आणि मेलेली जनावरे ओढून नेणे ही कामे वतनाच्या नावाखाली महार समाजावर लादलेली होती. मोबदला म्हणून इनामाचा तुकडा, बलुते आणि मृत जनावराचे मांस व कातडे यांवरील हक्क मिळे. ज्याला हक्क म्हटले गेले तेच अस्पृश्यतेचे कारण व लक्षण ठरले. गाव स्वच्छ राहण्याची किंमत एका समाजाच्या प्रतिष्ठेने चुकविली जात होती.

वसाहतकालीन कायदे आणि महाडचा नकार

ब्रिटिश शासनाने १८८९ च्या मुंबई ग्राम आरोग्य कायद्याने खेड्यांत आरोग्य समित्या व मंडळे नेमण्याची तरतूद केली. परंतु १८७४ च्या वंशपरंपरागत वतनविषयक कायद्याने जुनी वतनी सेवा कायदेशीर चौकटीत टिकवून धरली होती. त्यामुळे नवी समिती आणि जुना वेठीचा माणूस असे चित्र निर्माण झाले.

या रचनेला निर्णायक आव्हान दिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. मार्च १९२७ मधील महाडच्या परिषदेचे स्मरण प्रामुख्याने चवदार तळ्यासाठी केले जाते. मात्र याच परिषदेत मृतमांस वर्ज्य करावे आणि मेलेल्या जनावरांची विल्हेवाट ज्याची त्याने लावावी, हा विचारही ठामपणे मांडला गेला. पाण्याचा हक्क मिळविणे आणि घाणीची सक्ती नाकारणे या एकाच लढ्याच्या दोन बाजू होत्या. पुढील वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते संमत होऊ शकले नाही. तरीही गावाची सफाई हा दानाचा अथवा सेवेचा विषय नसून श्रमाच्या सक्तीचा विषय आहे, ही गोष्ट त्यामुळे विधिमंडळाच्या पटलावर आली.

इंदूर पद्धती : तंत्राचे उत्तर

याच काळात तंत्राच्या प्रश्नाचे एक उत्तर होळकरांच्या इंदुरात आकारास येत होते. १९२४ मध्ये तेथे स्थापन झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धती' विकसित केली. पिकांचे अवशेष, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचणे, ओल व हवा राखणे आणि ठरावीक अंतराने ढीग खालीवर करणे, अशी ही पद्धत होती. सुमारे तीन महिन्यांत कसदार खत तयार होई. १९३१ मध्ये हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतीतील टाकाऊ पदार्थांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. उघड्या उकिरड्यात ऊन-पावसाने वाया जाणारा नत्र वाचविणे हे या संशोधनाचे मर्म होते. पुढे १९३९ च्या सुमारास सी. एन. आचार्य यांनी बंगळूर येथे शहरी केरकचरा व मैला यांपासून, ढीग न उलटता, चरांत खत करण्याची पद्धत सिद्ध केली.

महाराष्ट्रात या परंपरेत लक्षणीय भर घातली ती यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी 'नाडेप' पद्धत म्हणजे भिंतीत झरोके ठेवलेले विटांचे टाके होय. अल्प शेणात भरपूर काडीकचरा कुजविता येणे हा तिचा विशेष आहे. शेण गोवऱ्यांत जाते ही व्होएल्कर यांची जुनी चिंता लक्षात घेता, या पद्धतीचे महत्त्व स्पष्ट होते.

गोपुरी : दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार

१९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यावर महात्मा गांधींनी ग्रामसफाईला रचनात्मक कार्यक्रमात अग्रस्थान दिले. 'हरिजन' पत्रातून कंपोस्ट खताचा प्रसार केला गेला. वर्ध्याजवळच्या सिंदी गावात मीराबेन आदी सहकाऱ्यांनी स्वतः मैला उचलण्याचे काम केले.

या विचाराचा सर्वांत चिकाटीचा प्रयोग कोकणात झाला. 'कोकणचे गांधी' म्हणून ओळखले जाणारे सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात आपणांस भंगीकाम मिळावे अशी मागणी केली. उच्चवर्णीय कैद्यास ते काम देण्यास तुरुंग प्रशासन तयार नव्हते. अप्पांच्या या आग्रहाला पाठिंबा म्हणून डिसेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण आरंभिले. तुरुंगासारख्या ठिकाणीही सफाईचे काम जातीनुसारच वाटले जात होते, हे या घटनेने उघड केले. १९४८ मध्ये कणकवली येथे स्थापन झालेल्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून सोनखत करणारे संडास, मृत जनावरांची विल्हेवाट आणि चर्मोद्योग यांचे प्रयोग झाले. हाताने मैला उचलण्याची गरजच उरू नये अशी संडासाची रचना करणे, हे तेथे तंत्र आणि समाजपरिवर्तन यांचे एकाच वेळी दिलेले उत्तर होते.

अर्थात, आंबेडकरांचा आक्षेप येथेही ध्यानात घेणे आवश्यक आहे. सफाईच्या कामाचा गौरव केल्याने ते करणाऱ्याची सुटका होत नाही, ही त्यांची टीका होती. अप्पांचे उत्तर उपदेशाचे नव्हते, कृतीचे होते. तथापि, त्यांचे अनुकरण करणारे मोजकेच निघाले.

स्वातंत्र्योत्तर काळ : पंचायत, स्पर्धा आणि प्लास्टिक

१९५८ हे वर्ष या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. मुंबई राज्याच्या १९५८ च्या एका अधिनियमाने कनिष्ठ ग्राम वतने रद्द केली, तर त्याच वर्षाच्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावाची स्वच्छता पंचायतीच्या कर्तव्यांत समाविष्ट केली. वतनी सेवेची जागा सार्वजनिक सेवेने घ्यावी, असा या दोन्हींचा एकत्रित अर्थ होता. प्रत्यक्षात पंचायतींची आर्थिक कुवत तुटपुंजी राहिली, आणि सफाईच्या कामावर बहुतांशी पूर्वीच्याच समाजांतील माणसे अल्प वेतनावर येत राहिली. कायद्याने वतन गेले. कामाची वाटणी मात्र फारशी बदलली नाही.

लोकमानसावर यापेक्षा खोल परिणाम केला तो संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांच्या खराट्याने. दिवसा गाव झाडणे आणि रात्री कीर्तनातून प्रबोधन करणे, या क्रमातून त्यांनी झाडणे हे कोणा एका जातीचे काम नाही हे दाखवून दिले. त्यांच्याच नावाने महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये, आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, ग्राम स्वच्छता अभियान सुरू केले. श्रमदान व स्पर्धा यांवर आधारलेल्या या अभियानाने हजारो गावांत उत्साह निर्माण केला. केंद्र शासनाने २००३ मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार सुरू केला. मात्र स्पर्धेच्या स्वरूपातच तिची मर्यादा होती. तपासणी समिती येऊन गेल्यानंतर खराटा पुन्हा कोणाच्या हाती जातो, हे गुणपत्रिकेत नोंदविले जात नव्हते.

दरम्यान कचऱ्याचे स्वरूपच पालटले. प्लास्टिक उकिरड्यात कुजत नाही, जनावराच्या पोटात जाते आणि शेतात पडल्यास जमीन बिघडविते. २००० चे घनकचरा नियम नागरी संस्थांपुरते होते. राज्यात प्लास्टिकवर व्यापक बंदी २०१८ मध्ये आली, तर स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० मधील दुसऱ्या ग्रामीण टप्प्यात घनकचरा व सांडपाणी यांवर भर देण्यात आला. शेकडो वर्षे स्वतःचा कचरा स्वतः पचविणाऱ्या खेड्याला आता तो वेगळा करणारे, वाहून नेणारे आणि विकत घेणारे कोणीतरी लागते. अशा वेळी 'कोणी' हा जुना प्रश्न नव्या रूपात परत येतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, ग्रामीण महाराष्ट्राला कचऱ्याचे तंत्र कधीच कमी पडले नाही. इंदूर, गोपुरी आणि पुसद ही त्याची साक्ष आहे. उणीव राहिली ती श्रमाच्या न्याय्य वाटणीची. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ व २०१३ मध्ये दोन कायदे करावे लागले, ही बाब पुरेशी बोलकी आहे. म्हणूनच कोणत्याही ग्रामीण घनकचरा योजनेचे मूल्यमापन किती टाकी बांधली व किती गाड्या घेतल्या एवढ्यावर करता येणार नाही. तेथे काम करणाऱ्याला वेतन किती, संरक्षक साधने कोणती, आणि त्याच्या मुलांना दुसरे काम निवडता येते का, हे निकषही तितकेच आवश्यक आहेत. घरातील ओला व सुका कचरा ज्याने त्याने वेगळा करणे हा यातील पहिला टप्पा होय; कारण महाडच्या परिषदेने १९२७ मध्ये मांडलेला 'ज्याची घाण त्याने काढावी' हा आग्रह त्यातूनच दैनंदिन व्यवहारात उतरू शकतो.