दार कोणी वाजवलं?

मंडळी, समजा माहुल गावात एकच दूधवाला आहे आणि 'दूध हवंय का?' असं विचारत तो हजार दारं ठोठावतो. हवं असतं तिघांना! १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समधलं 'सिलेक्ट' असंच वागे. वर यादी बहुधा १०२४ दारांपर्यंतच. पुढे 'पोल'नं ही मर्यादा काढली, पण पायपीट तीच. दुसरा उपाय म्हणजे दारागणिक एक माणूस, अर्थात एक थ्रेड. पण नुसतं बसून राहायलाही प्रत्येकाला मेमरी लागते.

१९९९ मध्ये डॅन केगेल यांनी सरळ सवाल टाकला: एका सर्व्हरनं एका वेळी दहा हजार गिऱ्हाइकं का सांभाळू नयेत? २००० मध्ये फ्रीबीएसडीत जोनाथन लेमन यांचं 'केक्यू' आलं. २००२ मध्ये डाविदे लिबेन्झी यांचं 'ईपोल' लिनक्सच्या चाचणी आवृत्तीत शिरलं. आता प्रत्येक दाराला घंटा. वाजली तेवढ्यांचीच यादी हातात.

मग नवीच भानगड! एका घंटेला दहा थ्रेड धडपडून उठतात, काम मिळतं एकाला, बाकीचे परत झोपतात. ही झोपमोड आवरणारी खास सोय ईपोलमध्ये यायला २०१६ उजाडलं.

योगायोग म्हणजे २००२ मध्येच आयआरसीटीसीची तिकिटं इंटरनेटवर मिळू लागली. तत्काळच्या वेळी हजारो दारं एकदम वाजतात. घंटेनं गाडीतल्या जागा वाढत नाहीत, हे खरंच... पण दार वाजवलं आणि आत कोणाला ऐकूच गेलं नाही, एवढं तरी टळावं, नाही का?