गर्भपिशवी काढल्यानंतर हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात का?

कागल तालुक्यातलं बिद्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखलं जातं. पश्चिम महाराष्ट्रातल्या अशा कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड जोडपी येतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीडच्या ऊसतोड महिलांचा प्रश्न तपासला. पाहणी झालेल्या ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. अनेकींचं वय चाळिशीच्या आत होतं.

पिशवी काढली की रजोनिवृत्ती येते?
फक्त पिशवी काढली तर पाळी थांबते, पण बीजांडकोश हार्मोन तयार करत राहतात. दोन्ही बीजांडकोश काढले, तर इस्ट्रोजेन एकदम घटतं. अंगातून वाफा येतात, झोप उडते, योनी कोरडी पडते. पुढे हाडं ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

हार्मोन थेरपीचा फायदा काय?
वाफा आणि घाम यांवर हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. हाडांनाही संरक्षण मिळतं. ४५ वर्षांच्या आत रजोनिवृत्ती आली असेल आणि इतर अडचण नसेल, तर साधारण पन्नाशीपर्यंत ही थेरपी घेण्याचा सल्ला देतात.

मग भीती कशाची?
२००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे ८ रुग्ण जास्त आढळले. रक्ताच्या गुठळ्या आणि पक्षाघातही वाढले. पण त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. तिशी-चाळिशीत बीजांडकोश गमावलेल्या बाईला तो हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय पिशवी नसेल तर सहसा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. पिशवी असेल तर तिच्या अस्तराच्या कर्करोगापासून बचावासाठी सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं. गोळीपेक्षा पॅच किंवा जेलमध्ये गुठळीचा धोका कमी असतो.

कोणी घेऊ नये?
स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा गुठळी होऊन गेली असेल, यकृताचा गंभीर आजार असेल किंवा अंगावरून जाण्याचं कारण कळलेलं नसेल, तर ही थेरपी सहसा टाळतात.

आधी काय करावं?
ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधा. बीजांडकोश काढले की ठेवले, हे त्यावरून कळू शकतं. ते कार्ड घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नका.