चयापचयातील बिघाड आणि मुलांची बुद्धी

वजनाने लहान असूनही मेंदूची ऊर्जेची भूक मोठी असते. पाचव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या शरीरात दिवसभरात खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी ४० टक्क्यांहून अधिक वाटा मेंदूचा असतो, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. ही ऊर्जा मुख्यतः ग्लुकोजपासून मिळते. त्यामुळे चयापचय बिघडल्यास त्याची झळ मेंदूलाही पोहोचू शकते.

वाढलेला कमरेचा घेर, उच्च रक्तदाब, रक्तातील जादा ट्रायग्लिसराइड, हितकर कोलेस्टेरॉलची कमतरता आणि इन्शुलिनला पेशींचा अपुरा प्रतिसाद, यांपैकी किमान तीन दोष एकत्र आढळल्यास त्यास ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ म्हणतात. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये अशा ४९ कुमारवयीन मुलामुलींची तुलना हा विकार नसलेल्या ६२ जणांशी केली. वय, इयत्ता आणि आर्थिक-सामाजिक स्थिती सारखी असूनही पहिला गट अंकगणित, शब्दलेखन व एकाग्रतेच्या चाचण्यांत मागे पडला. स्मरणशक्तीशी निगडित असलेला मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भागही त्यांच्यात लहान आढळला. प्रौढांच्या मेंदूची अशी हानी अनेक वर्षांच्या बिघाडाने होते, असे मानले जात असे. या मुलांत तर रक्तवाहिन्यांच्या विकाराची लक्षणेही नव्हती.

अर्थात, एकाच वेळी घेतलेल्या मोजमापांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही गणितात मागे पडणाऱ्या मुलाला तातडीने शिकवणी लावली जाते. त्याचा रक्तदाब मोजण्याचे मात्र क्वचितच कोणाला सुचते.