सायकलीतले छर्रे

नागपूरच्या इतवारीतल्या एका दुकानासमोर मिस्त्रीने माझ्या सायकलीचं मागचं चाक सोडवलं, कोन काढला आणि ग्रीसमध्ये रुतलेले पोलादी दाणे बोटाने रॉकेलच्या डबीत पाडले. "छर्रे घिसले जी. नऊ इकडचे, नऊ तिकडचे. सारेच बदलवा लागते." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. त्या दिवशी मात्र अडलो. छर्रे बंदुकीत असतात. ते सायकलीत कसे शिरले?

सायकलीची ठाऊक असलेली कुळकथा एका दमात संपते: लाकडी धावगाडी, उंच चाकाची सायकल, 1885 ची रोव्हर, 1888 चा डनलॉपचा हवेचा टायर. बंदूक त्यात कुठेच नाही. पण आजोबांच्या पिढीने मिरवलेली 'बीएसए' आठवा. ती अक्षरं 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स'ची, म्हणजे तिथल्या बंदूकवाल्यांनी 1861 मध्ये काढलेल्या कंपनीची. बंदुकांची मागणी आटल्यावर 1880 मध्ये ती सायकलींकडे वळली. बिल्ल्यावर एकमेकींना टेकलेल्या तीन रायफली मात्र तशाच राहिल्या. फ्रान्समधल्या सेंट एतिएनच्या कंपनीने तर 'शस्त्रं आणि सायकली' असं नावातच घातलं. ऑस्ट्रियात श्टायरच्या शस्त्र कारखान्याने 1894 पासून केलेल्या सायकलीचं नावच 'वाफेनराड', म्हणजे शब्दशः शस्त्रचाक. यात नवल नाही. नळी सरळ ओढणं, पोलादाला पाणी देणं, एका नगाचा भाग दुसऱ्याला बिनबोभाट बसवणं, ही कसबं दोन्हीकडे सारखीच.

म्हणून माझा सिद्धान्त असा: नागपूरकडे सायकल आली ती कामठीच्या छावणीतल्या गोऱ्यांबरोबर, आणि ती पहिल्यांदा खोलली बंदुका साफ करणाऱ्या हातांनी. त्यांनी आपला शब्द सायकलीत टाकला.

यावर एक स्नेही हसले. "अहो, बारीक गोल दाणा दिसला की कोणीही छर्राच म्हणेल. छावणी कशाला हवी?" मग मणी का नाही, गोटी का नाही? "मण्याला भोक असतं आणि गोटी मोठी असते," ते म्हणाले. भोकाचा मुद्दा बिनतोड होता. तरी मी निम्मंच हरलो, असं मी समजतो.

माझ्या सिद्धान्ताला खरा घाव बसला तो सुईचा. सायकलींचं माहेर असलेल्या कॉव्हेंट्रीत आधी शिलाई मशीनची कंपनी होती. 1869 मध्ये तीच सायकलींकडे वळली आणि पुढे 'स्विफ्ट' झाली. श्टायरच्या बंदूकवाल्यांनी सायकल बनवायचा परवाना घेतला तो या स्विफ्टकडूनच! लुधियानातही सायकलीआधी होजिअरी आणि शिलाई मशीनच्या भागांची कामं होती. तिथली मुंजाल बंधूंची हिरो सायकल 1956 ची. तिथे एक फक्त रिम करतो, दुसरा पायडल, तिसरा चिमटा. एकाची युक्ती संध्याकाळपर्यंत शेजारच्याकडे पोहोचते. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. 1980 मध्ये त्याचं राष्ट्रीयीकरण झालं. पण कारखाना उभा राहिला तरी आळी उभी राहिली नाही. आणि नागपूरचे कसबी हात, मला वाटतं, 1877 च्या एम्प्रेस मिलने आणि रेल्वेने आधीच उचलले होते. उरले ते मिस्त्री: चाकाचा आउट काढणारे, सायकल 'ओव्हरऑइल' करणारे. हा शब्द मूळचा 'ओव्हरहॉल'. पण तेलाचा हात फिरवणाऱ्याला त्यात ऑइल ऐकू आलं, यात चूक कुणाची?

म्हणजे कानाला सवयीचंच ऐकू येतं. हाच माझा शेवटचा पुरावा, म्हणून मिस्त्रीलाच विचारलं, "छर्रे काहून म्हणता?"

"बारीक हाय म्हणून," तो म्हणाला आणि नव्या छर्र्यांची पुडी दातांनी फाडली. पुडीवर लुधियाना छापलं होतं.