कान परीक्षकाचा, कात्री संपादकाची

ज्या माणसानें उभा जन्म पाटी, खडू आणि हजेरीपट यांच्या संगतींत घालविला, त्यानें ध्वनिवर्धक यंत्रें व त्यांच्यावर चालणारीं मासिकें यांविषयीं बोलावें, हें ऐकून आपणांस थोडें नवल वाटेल. मी मॅट्रिक झालेला एक सेवानिवृत्त शाळामास्तर. विजेचें शास्त्र मला शाळेच्या पुस्तकापलीकडे येत नाहीं. परंतु माझ्या पुतण्याला उत्तम आवाज देणाऱ्या यंत्रांचा छंद आहे, आणि त्याच्या कपाटांत परदेशी मासिकांचे जुने अंक रचून ठेवलेले आहेत. निवृत्तीनंतरच्या फावल्या वेळांत मी ते चाळूं लागलों. यंत्रांचीं वर्णनें मला फारशीं कळलीं नाहींत; पण त्या पानांआड चाललेलें एक भांडण मात्र चांगलेंच ओळखीचें वाटलें. तें भांडण परीक्षक आणि संपादक यांचें.

ओळखीचें कां वाटलें तें आधीं सांगतों. मला नोकरीला लागून दोन-तीन वर्षें झालीं असतील. वार्षिक परीक्षेंत एका मुलाला मीं गणितांत नापास केलें. मुलाचे वडील गांवांतील मोठे व्यापारी, आणि शाळेच्या नव्या छपराला लागणारे पत्रे देण्याचें त्यांनीं कबूल केलेलें. हेडमास्तरांनीं मला खोलींत बोलावून घेतलें व म्हणाले, "गुरुजी, पेपर पुन्हां एकदां पाहा." मीं पाहिला. भागाकार तोच होता आणि चूकहि तीच होती. शाळेचें छप्पर गळत होतें हें खरें, आणि मुलाला भागाकार येत नव्हता हेंहि खरें. या दोन सत्यांमध्यें सांपडलेल्या दोन माणसांचा तो प्रसंग होता. त्याचा शेवट काय झाला, तें भाषणाच्या अखेरीस सांगेन.

आतां मूळ विषयाकडे वळूं. १९२३ सालीं लंडनमध्यें कॉम्प्टन मॅकेंझी या कादंबरीकारानें 'ग्रामोफोन' नांवाचें मासिक काढलें. तबकड्या कोणत्या घ्याव्या, यंत्र कोणतें घ्यावें, हें हौशी माणसाला सांगणारा कोणी जाणता असावा, हा त्यामागील हेतु. अशा मासिकाच्या जन्माबरोबर त्याची अडचणहि जन्माला आली. वर्गणीदार देतो त्या पैशांत सर्व खर्च भागत नाहीं; उरलेला भार जाहिरातींवर पडतो; आणि जाहिराती देणारे बहुधा तेच असतात, ज्यांच्या मालाचें परीक्षण व्हावयाचें असतें.

पुढें १९४८ सालीं अमेरिकेंत दीर्घकाळ वाजणारी तबकडी बाजारांत आली आणि घरोघरीं चांगल्या यंत्रांची हौस वाढली. १९५१ सालीं 'हाय फिडेलिटी' नांवाचें मासिक तेथें सुरू झालें. यंत्रांचा धंदा आणि मासिकाचा धंदा हे दोन्ही हातांत हात घालून वाढले. अशा मासिकांचे परीक्षक पुष्कळदां कचेरींतले पगारी नोकर नसतात. कोणी शिक्षक, कोणी इंजिनिअर, कोणी संगीताचा जाणकार. आपला व्यवसाय सांभाळून, लेखामागें ठरलेलें मानधन घेऊन तो लिहितो. यंत्र कारखानदाराकडून उसनें येतें. कोणतें यंत्र कोणाच्या घरीं पाठवावयाचें तें संपादक ठरवितो. परीक्षक तें आठवडेच्या आठवडे ऐकतो, टांचणें करतो आणि लेख पाठवितो. लेख किती पानांत बसवावयाचा, कोणतें विशेषण ठेवावयाचें व कोणतें गाळावयाचें, हें मात्र पुन्हां संपादकाच्याच हातीं.

या व्यवस्थेंत परीक्षकाची बाजू दुबळी असते, हें उघड आहे. त्याला पुढचें काम मिळेल कीं नाहीं, हें संपादकाच्या मर्जीवर. आणि आठ-दहा हजार रुपये खिशांत असलेल्या माणसाला लाखाचें यंत्र घरीं ऐकावयास मिळणें, हेंहि त्याच्याच मर्जीवर. असा मनुष्य कठोर लिहितांना दोनदां विचार करील. उलट, ज्याचा स्वभावच तापट, तो लिहून मोकळा होईल आणि आपलें वाक्य गळालें म्हणजे संपादक विकला गेला, असें समजेल. दोन्ही प्रकारचे लोक मीं शिक्षकांच्या खोलींतहि पाहिले आहेत.

या भांडणाची सगळी कहाणी एकाच माणसाच्या आयुष्यांत पाहावयास मिळते. त्याचें नांव जे. गॉर्डन होल्ट. 'हाय फिडेलिटी' मासिकांत यंत्रविभागाचें संपादन व परीक्षण तो करीत असे. आपण प्रतिकूल लिहिलेलें छापून येत नाहीं, जाहिरातदार दुखावूं नयेत म्हणून तें बाजूला ठेवलें जातें, असा अनुभव त्याला आला. त्यानें तें मासिक सोडलें आणि १९६२ सालीं पेन्सिल्वानियामध्यें 'स्टीरिओफाइल' नांवाचें स्वतःचें नियतकालिक काढलें. आरंभीं त्यांत जाहिरात नव्हती. वर्गणीदारांच्या पैशावरच तें चालावें, हा संकल्प होता. यंत्राचा गुण मोजमापाच्या आंकड्यांवरून नव्हे, तर त्यावर संगीत कसें ऐकूं येतें यावरून ठरवावा, असाहि त्याचा आग्रह होता.

हा मार्ग अगदींच नवा नव्हता. १९५४ सालीं ज्युलियन हर्श आणि त्याचे कांहीं स्नेही यांनीं 'ऑडिओ लीग रिपोर्ट' नांवाचें जाहिरातविरहित पत्रक काढलें होतें. तें फार वर्षें टिकलें नाहीं. हर्श पुढें मोठ्या खपाच्या 'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकासाठीं अनेक दशकें परीक्षणें लिहीत राहिला. त्याची पद्धत आंकड्यांची होती, आणि त्याच्या लेखणीला वाईट यंत्र क्वचितच सांपडतें, असा आक्षेप त्याचे टीकाकार घेत. म्हणजे एकाच प्रश्नाचीं दोन उत्तरें या दोघांनीं दिलीं: एकानें मोठें घर धरलें, दुसऱ्यानें आपली झोंपडी बांधली.

पण झोंपडींतहि पाऊस पडतो. होल्टच्या 'स्टीरिओफाइल'चे अंक वेळेवर निघेनात. वर्गणी भरून लोक वाट पाहत बसत. पुढें जाहिरातीहि स्वीकाराव्या लागल्या. जाहिरातदाराचें दडपण टाळतां आलें, तरी छापखान्याचें बिल टळत नाहीं, हें कालच्या परीक्षकाला आज संपादकाच्या खुर्चींत बसल्यावर कळलें. १९७३ सालीं हॅरी पिअर्सन या वृत्तपत्रांत काम केलेल्या गृहस्थानें 'दि ॲब्सोल्यूट साउंड' हें दुसरें पत्र काढलें. कृत्रिम ध्वनिवर्धनाशिवाय सभागृहांत वाजणारें प्रत्यक्ष संगीत हीच त्यानें कसोटी धरली. त्याचे अंकहि लांबत. आणि त्याच्याकडेहि लिहिणारे परीक्षक होतेच. म्हणजे ज्या नात्यांतून सुटण्यासाठीं हीं पत्रें निघालीं, तें नातें त्यांच्यांत पुन्हां आलेंच.

येथें संपादकाचीहि बाजू मांडली पाहिजे, नाहीं तर माझें हें परीक्षणच एकांगी होईल. १९७० सालच्या मे महिन्यांत 'कन्झ्यूमर रिपोर्ट्स' या नियतकालिकांत बोस कंपनीच्या ९०१ या ध्वनिक्षेपकाचें परीक्षण आलें. ही कंपनी अमर बोस यांची. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेंत गेलेले. या ध्वनिक्षेपकांत नऊ तोंडें होतीं. एक श्रोत्याकडे आणि आठ मागें भिंतीकडे, म्हणजे बराचसा आवाज भिंतीवरून परतून यावयाचा. परीक्षणांत म्हटलें होतें कीं, वाद्यांचे आवाज खोलीभर भटकल्यासारखे वाटतात. कंपनीनें न्यायालयांत धांव घेतली. आवाज भिंतीच्या कडेनें सरकतो, खोलीभर नव्हे, एवढ्या फरकावर वाद रंगला. खालच्या न्यायालयानें कंपनीच्या बाजूनें निकाल दिला, वरच्यानें तो फिरविला, आणि अखेर एप्रिल १९८४ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं नियतकालिकाच्या बाजूनें निवाडा केला. शब्द चुकीचा निवडला, एवढ्यावरून जाणूनबुजून खोटें लिहिलें असें सिद्ध होत नाहीं, असा त्याचा आशय.

परीक्षण छापल्यापासून निकालापर्यंत चौदा वर्षें गेलीं. आणि लक्षांत घ्या, हें नियतकालिक जाहिराती मुळींच घेत नव्हतें. तेव्हां संपादकानें परीक्षकाच्या विशेषणावर बोट ठेवलें, म्हणजे तो नेहमींच जाहिरातदाराला भ्याला असें नाहीं. लिहिणारा एक वाक्य लिहून झोंपीं जातो; त्या वाक्याला जबाब देण्यासाठीं जागें राहावें लागतें तें संपादकाला. "आपल्याला असें ऐकूं आलें, कीं असें आहे?" हा प्रश्न विचारणें हें त्याचें कर्तव्यच आहे. दुखणें त्या प्रश्नांत नाहीं. उत्तर न ऐकतां वाक्य मुकाट्यानें खोडण्यांत आहे.

आतां होल्टच्या कहाणीचा पुढचा भाग ऐका. १९८२ सालीं 'स्टीरिओफाइल' लॅरी आर्चिबाल्ड यांनीं विकत घेतलें आणि तें नियमित निघूं लागलें. १९८६ सालीं लंडनच्या एका ध्वनिविषयक मासिकाचे संपादक जॉन ॲटकिन्सन हे संपादक म्हणून आले. होल्ट आतां पुन्हां दुसऱ्याच्या संपादनाखालीं लिहिणारा झाला. मासिक त्याचेंच, पण खुर्ची दुसऱ्याची. या काळांत तेथें जी पद्धत बसली ती मला फार विचार करण्यासारखी वाटते. परीक्षक यंत्र ऐकून आपलें मत लिहितो व आपल्या नांवानें देतो. त्यानंतर यंत्राचीं मोजमापें घेतलीं जातात आणि तीं स्वतंत्र चौकटींत, मोजणाराच्या नांवानें छापतात. लेख हातावेगळा होईपर्यंत परीक्षकाला तीं मोजमापें सहसा दाखवीत नाहींत. कारखानदाराला कांहीं म्हणावयाचें असेल, तर तेंहि त्याच अंकांत त्याच्या सहीनें छापतात.

यामुळें कित्येकदां असें होतें कीं, परीक्षकानें ज्या यंत्राची स्तुति केली, त्याचेच दोष पुढच्या चौकटींत आंकड्यांनीं उघडे पडतात. दोघेहि एका अंकांत, एकमेकांशेजारीं. यांत परीक्षकाला अवघडल्यासारखें होत असेल, संपादकालाहि होत असेल. पण वाचकापासून कांहीं लपून राहत नाहीं. कानानें एक सांगितलें, मापानें दुसरें सांगितलें. निवाडा आतां पैसे मोजणारानें करावा. एवढ्यानें जाहिरातीचा प्रश्न सुटला, असें मी म्हणत नाहीं. उसनीं यंत्रें परीक्षकांकडे दीर्घकाळ राहतात, कारखानदार त्यांना तीं कमी किंमतींत देतात, या गोष्टींवर या क्षेत्रांत वाद होतच आले आहेत. परंतु मतभेद मिटविण्यापेक्षां तो छापून टाकणें बरें, एवढें तरी त्या पद्धतींत मान्य झालें.

होल्टचें समाधान मात्र झालें नाहीं. १९९९ सालीं त्यानें आपणच जन्माला घातलेल्या मासिकाशीं संबंध सोडला. २००७ सालीं त्या मासिकाला पंचेचाळीस वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां ॲटकिन्सन यांनीं त्याची मुलाखत घेतली. होल्टनें कांहींहि आडपडदा ठेवला नाहीं. प्रत्यक्ष संगीताशीं जुळणारा आवाज हें ध्येय या हौशी जगानें सोडलें. डोळे बांधून, म्हणजे यंत्राचें नांव न कळतां, ऐकण्याची प्रामाणिक कसोटी त्यानें नाकारली. अशा अर्थाची कडक टीका त्यानें केली. संपादकानें ती मुलाखत नोव्हेंबर २००७ च्या अंकांत छापली. ज्या माणसाचीं प्रतिकूल परीक्षणें एकेकाळीं एका संपादकानें बाजूला ठेवलीं होतीं, त्याच माणसाची त्या धंद्याविरुद्धची टीका दुसऱ्या संपादकानें आपल्या पानांत आणली. पुढें दोन वर्षांनीं, २००९ सालीं, होल्ट वारला. त्याआधीं वीस वर्षें, १९८९ सालीं, 'हाय फिडेलिटी' बंद पडलें होतें.

श्रोतेहो, आतां माझ्या हेडमास्तरांची गोष्ट पुरी करतों. मीं गुण वाढविण्यास नकार दिला. त्यांनीं माझ्या आंकड्याला हात लावला नाहीं. निकालपत्रकांत शेजारच्या रकान्यांत त्यांनीं स्वतःच्या हातानें लिहिलें, "आठ गुण वाढवून वरच्या वर्गांत घातला," आणि खालीं आपली सही केली. पत्रे आले, छप्पर झालें. मला पुष्कळ वर्षें त्यांचा राग होता. आज ते हयात नाहींत, आणि हे जुने अंक वाचल्यापासून माझा राग अर्धा उरला आहे. त्यांनीं माझा आंकडा खोडून माझ्याच नांवावर दुसरा घातला असता, तर तो खोटेपणा झाला असता. त्यांनीं आपला निर्णय आपल्या सहीनें केला.

राग अर्धा कां उरला, तेंहि सांगतों. पुढच्या वर्षीं तो मुलगा वरच्या वर्गांत गेला, आणि दर शनिवारीं शाळा सुटल्यावर ओसरीवर बसवून मीं त्याला भागाकार शिकविला. शिक्षकाचें आणि हेडमास्तरांचें जमलें कीं नाहीं, याच्याशीं त्या पोराला कर्तव्य नव्हतें. गणित अडत होतें तें त्याचें. मासिकांतहि तसेंच आहे. परीक्षक आणि संपादक यांच्या भांडणांत ज्याचें अडतें तो तिसराच असतो. महिनोंमहिने पैसे सांठवून, मासिक उशाशीं ठेवून, कोणतें यंत्र घरीं आणावें याचा विचार करीत तो बसलेला असतो. त्या माणसाची आठवण दोघांनींहि ठेवली, म्हणजे भांडण राहिलें तरी चालेल.