वैमानिकाच्या जाकिटाचे माप

इतिहास म्हटला की तह, लढाया आणि सनावळ्या आपल्यापुढे उभ्या राहतात. परंतु एखाद्या काळातील माणसे कशी बसत, कशी वावरत, त्यांच्या अंगाची ठेवण कशी होती, हे जाणावयाचे असेल तर त्यांच्या कपड्यांकडेच वळावे लागते. आज ज्या वस्त्राविषयी बोलावयाचे आहे ते अमेरिकन लष्करी वैमानिकांचे चामडी जाकीट होय. दुसऱ्या महायुद्धाच्या छायाचित्रांतून ते पुष्कळांनी पाहिले असेल. जुन्या नमुन्याबरहुकूम शिवलेले असे जाकीट आजचा मनुष्य अंगात घालतो, तेव्हा त्याची तक्रार बहुधा ठरलेली असते: हे आखूड आहे आणि तंगही आहे. ही तक्रार कितपत रास्त आहे, ते पाहू.

या जाकिटाचे सरकारी नाव ‘ए-२’. त्यापूर्वी १९२७ साली ‘ए-१’ नावाचे जाकीट मान्य झाले होते. त्याला बटणे होती आणि कॉलर लोकरीच्या विणीची होती. १९३१ साली त्याच्या जागी ए-२ आले. बटणांऐवजी झिप, सदऱ्यासारखी चामडी कॉलर, खांद्यांवर पट्ट्या, झाकणाचे दोन खिसे, आणि कमरेला व मनगटांना विणलेली लोकरी पट्टी, अशी त्याची घडण होती. कातडे पुष्कळदा घोड्याचे, काही वेळा बोकडाचे. माप छातीच्या इंचांवर ठरे: ३६, ३८, ४० याप्रमाणे. मात्र ही जाकिटे अनेक कारखान्यांनी पुरविली आणि प्रत्येकाची बेतण्याची रीत थोडी वेगळी होती; त्यामुळे एकाच आकड्याची दोन जाकिटे एकाच अंगाला सारखी बसतीलच असे नाही.

हे जाकीट उभ्या माणसापेक्षा बसलेल्या माणसासाठी बेतलेले आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली की पुष्कळसा उलगडा होतो. वैमानिक तासन् तास बसून असे. लांब जाकीट बसताच मांड्यांवर गोळा होते आणि कॉलर हनुवटीपाशी चढते. शिवाय हवाई छत्रीचे पट्टे खांद्यांवरून, छातीवरून आणि मांड्यांमधून आवळलेले असत; त्यांच्याखाली चामड्याचा बोंगा झालेला चालण्यासारखा नव्हता. म्हणून जाकीट कमरेशी संपते. ही कमर अर्थात त्या काळची. तेव्हा विजार बेंबीच्या सुमारास नेसत आणि जाकिटाची विणलेली पट्टी नेमकी तिच्या पट्ट्यावर बसे. पुढे विजार खाली उतरली आणि जाकीट मात्र होते तेथेच राहिले.

बाकीचे नियमही यातूनच निघतात. खांद्याची शिवण खांद्याच्या टोकाशी यावी. छाती अंगासरशी असावी, तथापि झिप ओढल्यावर श्वास कोंडू नये. हात सोडून उभे राहिले असता बाही किंचित लांब वाटावी. विमानाचा दांडा धरण्यासाठी हात पुढे केले की ती बरोबर मनगटावर येते. आत एक सदरा, फार तर एखादा पातळ स्वेटर मावावा, अधिक नाही. बाँबफेकी विमाने २५,००० फुटांवर उडत आणि तेथे पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरे. त्या थंडीसाठी मेंढीच्या लोकरीसकट कातड्याचे ‘बी-३’ जाकीट १९३४ पासून होते. ते काम ए-२ कडून करून घेण्यासाठी एक माप मोठे घेणे म्हणजे त्याचा मूळ बेत मोडणे होय.

ए-२ ची पाठ एकाच अखंड तुकड्याची असे. वैमानिकांनी तिच्यावर आपल्या विमानांची नावे आणि केलेल्या फेऱ्यांइतके बाँब रंगविले. आसामातील विमानतळांवरून हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनकडे जाणाऱ्या वैमानिकांपैकी काहींच्या जाकिटांवर चिनी लिपीतील विनंती शिवलेली असे: हा परदेशी मनुष्य तुमच्या साहाय्यास आला आहे, त्याचे रक्षण करा.

१९४३ साली लष्कराने नवी चामडी जाकिटे घेणे थांबविले आणि कापडी जाकिटे आणली. १९८८ साली अमेरिकन हवाई दलाने ए-२ पुन्हा दिले. ते बोकडाच्या कातड्याचे होते आणि त्याचा बेत पूर्वीपेक्षा सैल होता.

त्या युद्धातील अमेरिकन शिपाई सरासरीने सुमारे ५ फूट ८ इंच उंच आणि दीडशे पौंडांच्या आसपास वजनाचा होता. विमानांत बसणाऱ्यांपैकी कित्येकांनी विशीही नीट ओलांडलेली नव्हती. इंग्लंडमधून लढणाऱ्या एकट्या आठव्या हवाई दलाची २६,००० हून अधिक माणसे कामास आली. आपल्याकडे या वयाच्या मुलाचे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची चाल आहे. ही जाकिटे तशी नव्हती. ती त्या दिवशीच्या अंगाला बेतलेली होती. जुने ए-२ आपल्याला तंग होते, तेव्हा ते ज्याच्या अंगाला बरोबर बसत होते त्या मुलाचे माप आपल्या हाती येते. त्या जाकिटाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहावयाचे ते याच कारणाने.